मदत हवी आहे: ग्वानीन-थायमीनची जोडी जमते, मग डीएनएत का चालत नाही?

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीला सध्या डीएनएची रचना सुरू आहे. डीएनएच्या दोन धाग्यांतल्या चार बेसपैकी अडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन हे मुलांना तोंडपाठ असतं. माणसाच्या डीएनएत अडेनीन आणि थायमीन प्रत्येकी साधारण ३० टक्के, उरलेले दोन साधारण २०-२० टक्के, हे शरगॅफ या शास्त्रज्ञाचं गणितही सांगून झालं. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, एक मोठा आणि एक छोटा बेस एवढंच हवं असेल, तर अडेनीनसमोर सायटोसीन का नको? रुंदी तर तेवढीच राहील."

प्रश्न रास्त आहे. मोठे ते प्युरिन, छोटे ते पिरिमिडीन, एवढंच म्हणून पुढे सरकणं मला पटेना, म्हणून फळ्यावर काढून दाखवलं. अडेनीनच्या कडेला वर हायड्रोजन देणारा अमिनो गट आणि खाली हायड्रोजन घेणारा नायट्रोजन. सायटोसीनचंही तसंच, शिवाय खाली घेणारा ऑक्सिजन. म्हणजे देणाऱ्यासमोर देणारा, घेणाऱ्यासमोर घेणारा. बंध होणार कसा? थायमीनकडे नेमका उलटा क्रम आहे, म्हणून जमतं. इथवर सगळे खूश.

मग पुठ्ठ्याचे बेस कापून मुलांच्या हातात दिले. १९५३च्या फेब्रुवारीत डीएनएची रचना शोधताना जेम्स वॉटसननेही पुठ्ठेच जुळवले होते. त्याआधी तो पुस्तकांतली चुकीची ईनॉल रूपं (एक हायड्रोजन ऑक्सिजनवर असलेली) धरून बसला होता. रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यूने कीटो रूपं (तो हायड्रोजन नायट्रोजनवर असलेली) घ्यायला सांगितल्यावर जोड्या जुळल्या. हा किस्सा मी दरवर्षी आवर्जून सांगते, कारण एका हायड्रोजनची जागा चुकली तर सगळी रचना हातची जाते हे त्यातून कळतं.

पुठ्ठे सरकवताना मुलांना दिसलं, की ग्वानीनसमोरचा थायमीन जरासा बाजूला सरकवला की दोन बंध व्यवस्थित होतात! हीच ती वॉबल, म्हणजे सरकलेली जोडी, आरएनएत ग्वानीन-युरॅसिलची (तिथे थायमीनच्या जागी युरॅसिल असतो) सर्रास दिसणारी. अडेनीन-थायमीनमध्येही बंध दोनच. मग बंधांच्या संख्येवरून ग्वानीन-थायमीनला नाही कसं म्हणायचं? बारावीच्या मुलांना खोटं न सांगता हे कसं समजावू?

प्रतिसाद

मॅडम, मुलांनी अगदी वर्मावर बोट ठेवलंय. मी जैवरसायनशास्त्रात काम करतो, म्हणून लिहितो.

बंध किती होतात यापेक्षा जोडीचा आकार कसा होतो ते बघा. अडेनीन-थायमीन आणि ग्वानीन-सायटोसीन या दोन्ही जोड्यांत धाग्याच्या कण्यातल्या एका शर्करेपासून समोरच्या शर्करेपर्यंतचं अंतर जवळपास सारखं, सुमारे १.०५ नॅनोमीटर, आणि बेस शर्करेला जोडले जातात ते कोनही दोन्ही बाजूंना सारखे. जोडी उलटी फिरवली तरी चौकट तीच. वॉबलमध्ये थायमीन सरकतो आणि ते कोन बिघडतात. डीएनएची नक्कल करणाऱ्या डीएनए पॉलिमरेज या एन्झाइमच्या खाचेत जोडी नीट बसली तरच एन्झाइम पुढचं काम वेगाने करतं. वाकडी जोडी तिथे अडते.

आकाराचं महत्त्व एरिक कूल यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. त्यांनी थायमीनच्याच आकाराचा, पण हायड्रोजन बंध जवळपास न करणारा डायफ्लुओरोटोल्यूइनचा रेणू वापरला, तरी पॉलिमरेजने त्याच्यासमोर अडेनीनच बसवला. अर्थात बंध बिनमहत्त्वाचे आहेत असा याचा अर्थ नाही.

तरीही चुका होतात. ग्वानीन किंवा थायमीन क्षणभर दुर्मिळ (ईनॉलसारख्या) रूपात गेला, तर ही जोडी नेहमीच्या, म्हणजे वॉटसन-क्रिक आकारातच बसते आणि एन्झाइम फसतं. मग पॉलिमरेजची स्वतःची तपासणी आणि त्यानंतर मिसमॅच दुरुस्ती, म्हणजे निसटलेल्या चुकीच्या जोड्या सुधारणं. पॉल मॉड्रिच यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल या दुरुस्तीच्या कामासाठीच, इतर दोघांबरोबर, मिळालं.

वर्गात पुठ्ठ्यांवर शर्करेच्या जागी टाचण्या लावा आणि चारही जोड्यांचे कोन मुलांनाच कोनमापकाने मोजू द्या.

धागाकर्ती

खूप आभार, सर. टाचण्यांची कल्पना सोमवारीच करून बघते. एक शंका उरते: दुर्मिळ रूपासाठी पुठ्ठ्यावर नेमका कोणता हायड्रोजन हलवायचा?

प्रतिसाद

थायमीन घेतलात तर तिसऱ्या क्रमांकाच्या नायट्रोजनवरचा काढून चौथ्या कार्बनच्या ऑक्सिजनवर लावा. ग्वानीनसमोर मग तीन बंध होतात. मुलांना आधी सांगू नका, त्यांना सापडू द्या.