राफी यांची कारकीर्द एका गाण्यापुरती नाही

एका वाचकाने आपल्या प्रतिसादात कॅनडाचे बालगीतकार-गायक राफी कवूकियन यांची सारी कारकीर्द ‘पांढऱ्या देवमाशाच्या एका गाण्याची पुण्याई’ ठरवली आहे, ते मला पटत नाही. १९४८ साली कैरोत आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास कॅनडात आलेले राफी आधी मोठ्यांसाठी लोकगीते गात असत. मुलांसाठीचा त्यांचा पहिला संग्रह १९७६ साली निघाला, आणि त्याचे ध्वनिमुद्रण पुढे नामवंत संगीत-निर्माते झालेल्या डॅनियल लॅन्वा यांच्या आईच्या घरातील तळघरात झाले. (मोठा स्टुडिओ हवाच, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

देवमाशाच्या गाण्याचेच म्हणाल, तर राफींनी व्हँकुव्हरच्या मत्स्यालयात कावना नावाची बेलुगा (म्हणजे पांढऱ्या देवमाशाची) मादी पाहिली होती. १९८० च्या गाण्यात मात्र त्यांनी बेलुगाच्या पिल्लाला टाकीत न ठेवता खुल्या समुद्रात सोडले. त्या गाण्यावर चित्रपट काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा थेट मुलांनाच उद्देशून जाहिराती केल्या जाणार असल्याने त्यांनी तो नाकारला, आणि माझ्या मते त्यांचे वेगळेपण या नकारात अधिक दिसते. स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी असल्यामुळे असे निर्णय घेणे त्यांना शक्य झाले असावे.

लेखक म्हणून गाण्यांची चित्रपुस्तके आणि आत्मचरित्र आहेच, पण समाजमाध्यमांच्या सुधारणेविषयीचे त्यांचे २०१३ चे पुस्तकही पालकांनी अवश्य चाळावे.