मदत हवी आहे: बग्गीचा डावाच अ‍ॅक्सल का तुटतोय?

गोठा_गॅरेज

गाव कोल्हापूरजवळ. वर्कशॉप म्हणजे घरामागचा जुना गोठा. म्हैस विकल्यापासून तिथे सीओटू वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि दीड वर्ष चाललेली माझी एकसीटर बग्गी आहे. (आई म्हणते, म्हैस दूध तरी देत होती.) गाडी रस्त्यावर आणणार नाही, पिकअपमध्ये घालूनच न्यायची.

भंगारातल्या एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट मागे बसवलंय. मागे दोन्ही बाजूंना ट्रेलिंग आर्म, म्हणजे पुढच्या टोकाला बिजागरी आणि मागच्या टोकाला चाक असलेला दांडा. चाक वर ८० मिमी जातं, खाली १६० लोंबतं. उभ्या गाडीत अ‍ॅक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा शाफ्ट, दोन्ही टोकांना वळणारा जॉइंट) सपाट राहतात.

ऊस तुटून गेलेल्या रानात चालवतो. सपाटीला कितीही पिळा, काही होत नाही. पाटाच्या वरंब्यावरून उडी घेतली की खाली टेकायच्या आधीच खाडकन आवाज, आणि गाडी जागेवर. आतापर्यंत तीन अ‍ॅक्सल गेले, तिन्ही डावे. पहिला जुना होता, म्हणून दुसरा नवा कोरा आणला. तोही तिसऱ्या उडीला गेला. आता उद्यमनगरातल्या टर्नरकडून ईएन२४ चा, म्हणजे जास्त मजबूत स्टीलचा, शाफ्ट बनवून घ्यावा म्हणतोय. खर्च बराच आहे, म्हणून आधी विचारतो. फायदा होईल का?

पाना_चौदा

शाफ्ट तुटतोय का जॉइंट? आतला का बाहेरचा? आणि दोन्ही अ‍ॅक्सलची लांबी सांग, जॉइंटच्या मध्यापासून मध्यापर्यंत.

गोठा_गॅरेज

शाफ्ट शाबूत आहे. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट जातो. डावा ३४०, उजवा ५२०. इंजिन बरोबर मधोमध बसवलं, त्यामुळे डिफरन्शियल, म्हणजे जिथून दोन्ही अ‍ॅक्सल निघतात तो भाग, डावीकडे आलं.

पाना_चौदा

मग ईएन२४ चे पैसे ठेव खिशात. शाफ्ट कशाचाही केलास तरी जॉइंट तोच राहणार.

ट्रेलिंग आर्मवर चाक सरळ खाली जातं, आत येत नाही. ३४० वर १६० खाली म्हणजे अ‍ॅक्सलचा कोन २५ अंश. उजवीकडे तेच १६०, पण लांबी ५२०, म्हणून १७ अंशच. बाहेरचा छर्र्यांचा जॉइंट ४५ अंशांपर्यंत वळतो, कारण मूळ गाडीत त्याला स्टिअरिंगबरोबर फिरायचं असतं. आतला तीन रोलरचा जॉइंट पंचविशीच्या आसपास संपतो. शिवाय एवढं खाली गेल्यावर डाव्या अ‍ॅक्सलला ३६ मिमी लांब व्हावं लागतं. ती लांबी रोलर कपात सरकून देतो. म्हणजे रोलर कपाच्या काठावर, कोन शेवटाला, आणि चाक हवेत असताना तुझा पाय गॅसवर. तुटणार नाही तर काय!

खात्री करायची तर गाडी स्टँडवर घे, शॉकअप काढ, आर्म हाताने खाली सोडत अ‍ॅक्सल फिरव. कुठे अडतो ते बोटांना कळेल. तुटलेल्या कपाचा काठही बघ.

उपाय दोन. आजचा म्हणजे लिमिट स्ट्रॅप, आर्म आणि चासीच्या मध्ये नायलॉनचा पट्टा. तार नको, ती झटका देते. पट्टा ताणतो, म्हणून दहाएक मिमी हात राखून बांध. आत्ता तुझं लोंबणं शॉकअपच अडवत असणार, तेही बरं नाही. खरा उपाय म्हणजे इंजिन ९० मिमी उजवीकडे सरकव, दोन्ही अ‍ॅक्सल ४३० चे कर. कोन वीसवर येतो. वजनासाठी बॅटरी आणि टाकी डावीकडे.

रानवाट

इंजिन ४० मिमी खाली घेतलं तरी चालेल की, मग १२० वर आणि १२० खाली.

पाना_चौदा

कोन १९ येईल, कबूल. पण संप, इंजिनखालचं ऑइलचं भांडं, वरंब्याला घासेल. उसाच्या रानात मी नाही घेणार.

रानवाट

विषय वेगळा आहे भावा, पण मेन हूप, डोक्यावरची मुख्य कमान, कुठल्या पाइपचा?

गोठा_गॅरेज

३८ मिमी व्यास, २ मिमी जाडी, ईआरडब्ल्यू, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाचा.

रानवाट

बदल. एफआयएच्या (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) नियमात मेन हूपला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, लागतो, ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २. शर्यतीचं सोड, उड्या मारतोयस आणि डोकं त्याखाली आहे.

गोठा_गॅरेज

अपडेट. तिन्ही कप भंगाराच्या पोत्यातून काढले. तिन्हींच्या काठावर रोलरचे ठसे, एकाचा तर काठच उडालाय. स्टँडवर हाताने फिरवलं तर १५० च्या आसपास डावा अडतो, उजवा अडतच नाही. दीड वर्ष मी नुसता माल बदलत बसलो.

ट्रकचा माल बांधायच्या पट्ट्याचे दोन पदर शिवून घेतले, १०० ला बांधलेत. पट्टा ताणून ११० ला थांबतो, म्हणजे डावा अ‍ॅक्सल १८ अंशांवर. काल चौदा उड्या झाल्या, काही तुटलं नाही. गाडी टेकताना आदळते मात्र जास्त. इंजिन पावसाळ्यात सरकवतो, तेव्हा रानात चिखलच असतो.

मेन हूप कापायला काढलाय. ४५ ची सीमलेस मिळाली, पण उद्यमनगरात ज्या दोघांकडे बेंडर आहे त्यांच्याकडे ४५ ची डाय (वाकवायचा साचा) नाही. वाळू भरून, गरम करून वाकवायला एकजण तयार आहे, मला धीर होत नाही. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, कुठेही चालेल. कोणाच्या माहितीत आहे का?