सांडशीचा ‘सांडणे’शी संबंध नाही

गरम भांडं उतरवायच्या सांडशीची ‘सांडू नये म्हणून सांडशी’ अशी व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला गोड आहे, पण बरोबर नाही. मूळ शब्द संस्कृत ‘संदंश’. सम् अधिक दंश, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून चावा घेणारा. प्राकृतात त्याचा ‘संडास’ झाला (आजच्या अर्थाशी घोटाळा करू नका), त्यावरून मराठीत लोहार-सोनारांचा सांडस आणि घरातली छोटी सांडशी, सुरा-सुरी तसंच. सुश्रुतसंहितेत 16 अंगुळं लांबीची दोन संदंश यंत्रं आहेत, सनिग्रह आणि अनिग्रह. मांसात रुतलेलं शल्य, म्हणजे काटा-बाणासारखी घुसलेली वस्तू, उपटायला.

‘चावा’ हा अर्थ सांडशी वापरतानाही लक्षात ठेवा. आपल्या नागपूरकडचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवताना काठ जबड्यात पूर्ण आत गेला पाहिजे. नुसत्या टोकांनी धरला तर भरलेला गंज गर्रकन फिरतो. नागपूरच्या इतवारी बाजारात घेताना सांडशी मिटून बघा, टोकं समोरासमोर यायला हवीत. मधली रिव्हेट, म्हणजे दोन्ही पाती जोडणारी खीळ, ढिली झाली की टोकं एकमेकांवरून सरकतात. मग सांडशी ऐरणीवर ठेवून रिव्हेटच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे, मधूनमधून उघडझाप करत. जास्त ठोकली तर सांडशी जाम होते.