भुलीचा प्रकार आणि कर्करोगानंतरचे आयुष्य

सेवोफ्लुरेनसारख्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफोलची भूल दिल्यास कर्करोगाचे रुग्ण अधिक जगतात, असे म्हटले जाते; त्यात एक भर घालावीशी वाटते. तसा निष्कर्ष प्रामुख्याने जुन्या नोंदी तपासून निघाला होता. मात्र 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत पाठीच्या कण्यालगतची नस बधिर करून प्रोपोफोल देण्याची आणि सेवोफ्लुरेनसोबत अफूजन्य वेदनाशामके देण्याची तुलना केली असता, दोन्ही गटांत रोग परतण्याचे प्रमाण सुमारे 10 टक्केच राहिले.

याहून मोलाचे मला टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील, 2023 साली प्रसिद्ध झालेले संशोधन वाटते. स्तनाच्या कर्करोगाच्या 1,600 स्त्रियांच्या या चाचणीत एका गटाला गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचले गेले, आणि पाच वर्षांनी त्या गटातील 90.1 टक्के, तर दुसऱ्या गटातील 86.4 टक्के स्त्रिया हयात होत्या. हे औषध अत्यंत स्वस्त असून खानापूर, निपाणीसारख्या तालुक्यांतही सहज मिळते. म्हणूनच बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या आपल्या भगिनींनी याविषयी शल्यविशारदांना आधीच, निःसंकोचपणे विचारावे.