खिशातल्या चाकूची दोरी: ‘लॅनयार्ड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

घडीच्या चाकूंच्या एका माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना ‘लॅनयार्ड’ हा शब्द पानोपानी येतो. मुठीच्या शेवटी असलेल्या भोकाला ‘लॅनयार्डचे भोक’ म्हटले आहे आणि त्यात ओवायच्या दोरीला नुसतेच ‘लॅनयार्ड’. कार्यालयात ओळखपत्र अडकवण्याच्या फितीलाही आपल्याकडे हाच शब्द रुळला असल्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे गळ्यात लोंबणारा चाकू उभा राहील, अशी शंका येते. ‘दोरी’ एवढाच शब्द पुरेल का? शिवाय या दोरीचा नेमका उपयोग काय, हे समजल्याशिवाय शब्द पक्का करणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद १

आपण उपयोगापासून सुरुवात केलीत हे बरे झाले, कारण अडचण तिथेच आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ आपल्या ‘वादी’च्या जवळचा, म्हणजे चामड्याचा अरुंद पट्टा, असा होता. शिडाच्या जहाजांवर काहीही बांधून वा ताणून धरणाऱ्या आखूड दोरीला तो लागू झाला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे जाड दोर ज्या भोकांच्या लाकडी ठोकळ्यांतून ताणले जात, त्या ठोकळ्यांतून ओवलेली दोरीही लॅनयार्डच. डोलकाठीवरच्या आडव्या काठीवर उभे राहून काम करणाऱ्या खलाशाच्या हातून चाकू निसटला, तर तो समुद्रात तरी जाई किंवा खाली डेकवर असलेल्या माणसाच्या डोक्यात तरी बसे. म्हणून चाकू दोरीने अंगाशी बांधलेला असे. विसाव्या शतकात ब्रिटिश सैनिकांना मिळणाऱ्या घडीच्या चाकूंच्या टोकाला याच कामासाठी लोखंडी कडी असे. पिस्तुलाच्या मुठीखालची कडी आणि गणवेशातील शिट्टीची दोरी यांचे कुळही हेच.

आजच्या खिशातल्या चाकूला मात्र बहुतेक वेळा अशी लांब दोरी नसते. असते ती चार बोटे लांबीची, टोकाला गाठ किंवा मणी असलेली, कुठेही न बांधलेली दोरी, आणि तिचे काम पूर्णपणे वेगळे आहे. चाकू खोल खिशात तळाशी गेला, तर बाहेर डोकावणारी दोरी ओढून तो काढता येतो. हातमोजे घातलेले असतील किंवा बोटे थंडीने बधिर झाली असतील, तर ही सोय विशेष जाणवते. चाकू लहान असेल आणि करंगळीला मुठीवर जागा उरत नसेल, तर ती दोरी तळहातात दाबून धरली की मूठ लांबल्यासारखी होते आणि पकड सुटत नाही. दोरी भडक नारिंगी असेल, तर गवतात वा पाचोळ्यात पडलेला चाकू सापडतो. शोभेसाठी बांधणारेही पुष्कळ आहेत, पण माहितीपत्रकात ते कुणी कबूल करत नाही.

तेव्हा एकाच इंग्रजी शब्दाखाली दोन वस्तू आहेत: एक चाकू हरवू देत नाही, दुसरी तो हाताळायला मदत करते. माझ्या मते मराठीत दोन शब्द ठेवावेत.

प्रतिसाद २

पहिलीसाठी ‘दावे’ कसे वाटते? एक टोक वस्तूला, दुसरे टोक खुंट्याला, आणि मधल्या लांबीपुरतीच मोकळीक. अर्थ तंतोतंत जुळतो. दुसरीसाठी ‘गोंडा’ म्हणता येईल. तसेच मनगटात घालण्याचा फासा हा उपयोग वरच्या प्रतिसादात राहिला आहे.

प्रतिसाद १ (पुढे)

‘दावे’ अर्थाने अचूक आहे, पण त्याला गोठ्याचा वास इतका चिकटलेला आहे की चाकूच्या माहितीपत्रकात वाचणारा आधी हसेल आणि मग वाचेल. ‘गोंडा’ म्हटले की सुट्या धाग्यांचा झुपका आठवतो. येथे धागे सुटे नसतात, उलट ते सुटू नयेत म्हणूनच गाठ असते. बटव्याची ओढतो ती ‘नाडी’ मला अधिक जवळची वाटते, कारण ओढणे हेच तिचेही काम आहे. ‘गोफ’ हा शब्द चांगला असला, तरी दोरी खरोखर विणलेली असेल तेव्हाच वापरावा.

मनगटाच्या फाशाचा उल्लेख मी जाणून टाळला होता. पाण्यावर, होडीच्या काठावर बसून दोर कापताना तो उपयोगी पडतो, हे खरे. परंतु फटका मारून तोडण्याच्या कामात हात सुटला, तर दोरीला अडकलेले पाते दूर जाण्याऐवजी झोका घेऊन परत हाताकडे वा पायाकडे येते. फिरत्या यंत्राजवळ तर कोणतीही लोंबती दोरी नसावी, आणि गळ्यात घालायची असल्यास झटका बसताच सुटणारी जोडणी हवीच.

प्रतिसाद ३

साहित्याविषयी थोडेसे. माहितीपत्रकात ‘पॅराकॉर्ड’ असेल, तर तो शब्द तसाच ठेवावा. ही मुळात हवाई छत्रीची नायलॉन दोरी. तिच्या प्रचलित प्रकाराची तुटण्याची मर्यादा ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो असते, आणि विणलेल्या आवरणाच्या आत बहुधा सात पेड असतात. गरज पडल्यास ते पेड वेगळे काढून बारीक दोरा म्हणून वापरता येतात. मात्र या आकड्यावर विसंबून कुणी कड्यावर चढू नये. ती गिर्यारोहणाची दोरी नव्हे. कापलेले टोक ज्योतीवर किंचित वितळवले की उसवत नाही, सुती दोरीला मात्र गाठच मारावी लागते.

भोकासाठी ‘नेढे’ हा शब्द सुचवतो. सुईचे नेढे सर्वांना माहीत आहे, आणि येथेही दोरी ओवण्यासाठीच ते पाडलेले असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पहिल्या उल्लेखात ‘लॅनयार्ड, म्हणजे चाकूला ओवायची दोरी’ असे लिहून पुढे आखूड असेल तिथे ‘नाडी’ आणि अंगाशी किंवा पिशवीशी बांधायची असेल तिथे ‘बांधदोरी’ असे लिहितो. ‘नेढे’ घेतले आहे. काही नमुन्यांना भोक नसून धातूचे लहान कडे आहे, तिथे ‘कडी’ म्हणणे योग्य ठरेल ना?

प्रतिसाद १ (पुढे)

होय, ‘कडी’च. फक्त ती किल्ल्यांच्या जुडग्याची बारीक कडी असेल, तर चाकूचा भार झटक्याने पडल्यावर ती उघडू शकते. तिच्यात नाडी चालेल, बांधदोरी नको, अशी एक ओळ तिथे जोडावी.