खाडीवर पक्षी बघायला जायचं तर नेमकं कधी?

दुर्बीण_नवी
नमस्कार मंडळी. नदी समुद्राला मिळते तिथल्या राखीव क्षेत्रात मी आत्तापर्यंत चार वेळा गेले. जानेवारीत एकदा हजारोंनी पक्षी दिसले, पण आठवड्याने त्याच वेळेला गेले तर नुसता चिखल आणि पार लांब ठिपके. सीझन तोच, वेळ तीच, मग पक्षी गेले कुठे? आणि उन्हाळ्यात तिथे जाण्यात काही अर्थ आहे का?

पाणटिवळा
घड्याळ बघून गेलात, भरती बघून नाही, एवढंच झालंय. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी आठला किनाऱ्याजवळ असलेले पक्षी थोड्याच दिवसांत त्याच वेळेला दीड-दोन किलोमीटर आत चिखलात चरत असतात. आधी भरतीचं वेळापत्रक काढा आणि पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसा. पाणी चढतं तसा चिखल कमी कमी होत जातो आणि थवे आपोआप तुमच्याकडे ढकलले जातात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं तेव्हा सगळ्यात जवळ येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढतच नाही, तेव्हा ठिपकेच बघायची तयारी ठेवा.

चिखलवाट
वर सांगितलंय ते बरोबरच, पण उन्हाळ्याबद्दल लिहितो कारण तो माझा सगळ्यात आवडता विषय. एप्रिल-मे अजिबात चुकवू नका!! हिवाळाभर करडे-तपकिरी दिसणारे पक्षी अंडी घालायला उत्तरेला निघायच्या आधी रंग चढवतात, गॉडविट विटकरी लाल होतो, डनलिनच्या पोटावर काळा डाग येतो, ग्रे प्लोव्हर खालून काळाकुट्ट. जूनमध्ये शांत असतं, पहिल्या वर्षाचे काही पक्षी उत्तरेला जातच नाहीत तेवढे असतात. पण जुलैत परतीची सुरुवात होते! आधी येतात प्रौढ पक्षी, विटके, झिजलेल्या पिसांचे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पिल्लं, पिसांच्या कडा अशा कोऱ्या की दुर्बिणीतून बघतच राहावं. बऱ्याच जातींत आईबाप आधीच निघून गेलेले असतात, पिल्लं कधीही न पाहिलेली वाट स्वतः काढत येतात. २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियाला १३,५६० किमी उडाला, ११ दिवस, मध्ये कुठेही न थांबता. मला तर हे दर वर्षी आठवलं की अंगावर काटा येतो.

दुर्बीण_नवी
बापरे, पाच महिन्यांचा! खूप खूप धन्यवाद दोघांनाही. अजून एक, सगळे तपकिरीच दिसतात हो, ओळखायचे कसे?

चिखलवाट
रंगाच्या मागे लागूच नका आधी, खाताना बघा. प्लोव्हर डोळ्यांनी शोधतो म्हणून पळतो, थांबतो, टिपतो, परत पळतो. डनलिन शिवणयंत्रासारखी भराभर चोच मारत चालते. गॉडविट चोच पार मुळापर्यंत खुपसतो. आणि कर्ल्यूची ती वाकडी लांब चोच एकदा दिसली की विसरत नाही. चोचीची लांबी वेगळी, म्हणून खाणं वेगळ्या खोलीवर, त्यामुळे एकाच चिखलात सगळ्यांचं भागतं.

सुरय_बघणारी
एक विनंती. भरतीच्या वेळी ते एका पायावर गपचूप उभे असतात ना, ती त्यांची विश्रांती असते, फोटोसाठी जवळ जाऊन उठवू नका. चरायला चिखल फक्त ओहोटीतच उघडा असतो आणि प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी जळते. एप्रिलमध्ये तर हीच चरबी त्यांचं प्रवासाचं इंधन. माना वर करून बघायला लागले की तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. बसून राहिलात तर पाणीच त्यांना जवळ आणतं. सगळा थवा अचानक एकदम उठला आणि तुम्ही हललाही नव्हतात, तर वर बघा, बहुतेक बहिरी ससाणा असेल.

दुर्बीण_नवी
लक्षात ठेवते. पौर्णिमा परवा आहे, भरतीची वेळ आत्ताच काढली, दुपारी दीड. साडेअकराला जाऊन बसते.