खंगलेल्या कुत्र्याच्या अंगी मांस धरताना: खानदेशातील अनुभव

जळगावहून, धाग्याची सुरुवात

रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून किंवा कुणी सोडून दिलेले, बरगड्या लांबूनच मोजता येतील असे कुत्रे ज्यांनी घरी आणले आणि पुन्हा उभे केले, त्यांनी येथे आपला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. काय खाऊ घातले एवढेच न सांगता किती, किती वेळाने आणि काय फसले, हेही लिहावे. आपल्याकडे कुत्र्याला जीव लावणारी माणसे पुष्कळ आहेत, परंतु ‘दूध-भाकर घाला, आपोआप भरेल’ यापलीकडचे सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या बाबतीत तोच सल्ला अनर्थ घडवणार होता.

फेब्रुवारीत मेहरूण तलावाच्या रस्त्यालगत एक कुत्री निपचित पडलेली दिसली. शेजारच्या टपरीवरचे बापू म्हणाले, “हाई कुत्रं काय जगस आते?” घरी आणून (पुढे तिचे नाव चांदणी ठेवले) मी तिला हातात धरून काट्यावर उभा राहिलो आणि माझे वजन वजा केले, ९ किलो भरली. तिच्या हाडापेरावरून ती १५ ते १६ किलोंची असायला हवी होती. बायकोने कुकर लावला होता आणि तपेलीभर दूध-भात तिच्यापुढे ठेवणार इतक्यात पशुवैद्यक असलेल्या मावसभावाचा फोन आला. त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे, “भाऊ, पोटभर घालू नकोस, मरेल.”

त्याने समजावलेले कारण येथे लिहितो. अनेक दिवस उपाशी असलेले शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असते. अशा वेळी एकदम भात, पोळी, गूळ असे पिष्टमय पदार्थ पोटात गेले की इन्शुलिन उसळते, आणि रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातील त्यांचे प्रमाण कोसळले की अशक्तपणा वाढतो, झटके येऊ शकतात आणि हृदय व श्वास बंद पडू शकतो. उपासमारीतून वाचलेला प्राणी अन्न मिळाल्यानंतर दगावतो तो अनेकदा यामुळे. म्हणून विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी ऊर्जा आधी काढायची: वजनाचा घन करून त्याचे वर्गमूळ दोनदा काढावे आणि आलेल्या संख्येला ७० ने गुणावे. ९ किलोला सुमारे ३६४ कॅलरी येतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव हिश्श्यापासून, म्हणजे सुमारे ९० कॅलरींपासून सुरुवात झाली. एका उकडलेल्या अंड्यात सत्तरच्या आसपास कॅलरी असतात, यावरून ते अन्न किती थोडे होते याची कल्पना यावी. तेही सहा वेळा विभागून द्यायचे होते. ती ताटली चाटून माझ्याकडे पाहत राही आणि मी तोंड फिरवून अंगणात जाई. पूर्ण ३६४ पर्यंत पोहोचायला आम्हांला आठ दिवस लागले. या काळात दोनदा रक्त तपासले आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने झाली. हे सर्व दवाखान्याच्या देखरेखीखालीच करावे, घरच्या अंदाजाने नव्हे. पुढचे नंतर लिहितो. आधी इतरांचे वाचायचे आहे.

चाळीसगावहून, किराणा दुकानदार

भाऊंनी जे टाळले तेच आमच्याकडून घडले. दोन वर्षांपूर्वी स्टेशनजवळून एक पिवळा कुत्रा आणला. घरात लग्नाचे जेवण उरलेले होते. वरण-भात, बट्ट्या, शिरा, जे मागेल ते त्याला दिले आणि तो खातो आहे या आनंदात सगळे घर त्याच्याभोवती बसले. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय लटपटू लागले, त्या रात्री झटके आले आणि चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. तेव्हा आम्हांला वाटले की कुणी विष घातले असावे, आणि मी एका शेजाऱ्याशी सहा महिने बोललो नाही. रक्त तपासले नव्हते, त्यामुळे नेमके कारण मला ठामपणे सांगता येणार नाही. परंतु वरील परिच्छेद वाचल्यावर मी आज त्या शेजाऱ्याकडे जाऊन आलो.

अमळनेरहून, निवृत्त शिक्षिका

आमच्या घरात सासऱ्यांपासून तुळशीची माळ आहे, त्यामुळे अंडे किंवा मांस स्वयंपाकघरात येणे शक्य नव्हते, आणि मोती तर दाराशी येऊन बसला होता. सुरुवातीला मी दूध-भाकरीच दिली. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातील शर्करा पचत नाही, हे मला ठाऊक नव्हते. त्याला पातळ शी होऊ लागली, आणि जे थोडे अंगी लागत होते तेही वाहून गेले. दूध बंद करून थोडे ताजे दही दिले, तेव्हा पोट सावरले. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पिल्लांसाठी मिळणारे कोरडे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून सुरू केले. मोठ्या कुत्र्यांच्या खाद्याच्या मानकात किमान १८ टक्के प्रथिने लागतात, पिल्लांच्या खाद्यात किमान २२.५ टक्के, आणि पिल्लांच्या खाद्यात ऊर्जाही सहसा अधिक असते. त्यामुळे थोडक्या अन्नात अधिक पोषण जाते. शेजारच्या जिजी त्यांच्या चुलीवर रोज एक अंडे उकडून कुंपणावरून देत असत. आमच्या सासूबाईंनी ते पाहिले होते, पण त्या शेवटपर्यंत त्याविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत.

तरीही पाच आठवड्यांत वजन केवळ अर्धा किलोने वाढले. हिरड्या पाहिल्या तर त्या पांढुरक्या होत्या. विष्ठा तपासल्यावर अंकुशकृमी निघाले, जे आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितात. जंताचे औषध मी आणल्या दिवशी दिले होते, आणि तेवढ्यावर काम झाले असे समजले होते. एका मात्रेने सर्व अवस्थांतील जंत जात नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते आणि विष्ठा पुन्हा तपासावी लागते. दुसऱ्या मात्रेनंतर मोतीचे वजन महिन्याभरात पावणेदोन किलोंनी वाढले. माझे सांगणे एवढेच की कुत्रे बारीक का आहे, हे शोधल्याशिवाय ताटली मोठी करण्यात अर्थ नाही.

चोपड्याहून, औषध दुकानात काम करतो

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोड म्हणून लिहितो. आमची राणी दुप्पट खात असे आणि तरीही वाळत असे. शी ढीगभर, फिकट आणि तेलकट येत असे. जंत नव्हते. रक्ताच्या एका विशेष तपासणीत तिच्या स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे तयार होत नसल्याचे कळले. आता प्रत्येक जेवणात पाचकांची भुकटी मिसळावी लागते आणि ती आयुष्यभर लागणार आहे. भुकटी सुरू झाल्यावर जेवण कमी केले आणि वजन वाढले. हा आजार क्वचित आढळतो, पण अशी लक्षणे असतील तर तपासणी अवश्य करावी.

भुसावळहून, रेल्वेत नोकरीस

आमच्या क्वार्टरच्या जिन्याखाली सापडलेल्या कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत इतके गोचीड होते की चिमट्याने काढताना डबी भरली. त्याला थांबून थांबून ताप येत असे आणि नाकातून एकदा रक्त आले. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचे निदान झाले. रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट्स) फार उतरले होते. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस दिल्या. या गोळ्या रिकाम्या पोटी मळमळ करतात आणि घशात अडकल्यास अन्ननलिकेला इजा करतात, म्हणून खाण्यासोबत देऊन वर पाणी पाजावे लागते. आठव्या दिवशी तो शेपूट हलवू लागला तेव्हा मला गोळ्या थांबवण्याचा मोह झाला होता, हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट आमच्या उन्हाची. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी कोणतेही कुत्रे जेवत नाही. मी दोन आठवडे ‘याला भूक नाही’ म्हणून चिंता करत होतो. मग जेवणाच्या वेळा पहाटे पाच, रात्री साडेआठ आणि रात्रपाळी संपवून येईन तेव्हा, अशा ठेवल्या आणि ताटली स्वच्छ होऊ लागली. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात तासाभरापेक्षा अधिक वेळ ताटलीत राहू देऊ नये.

रावेरहून, केळी उत्पादक

माझ्याकडे वजनाची सोय उत्तम आहे. केळीच्या काट्यावर रिकामे क्रेट ठेवून काटा शून्यावर आणतो आणि शेरूला त्यात बसवतो. रविवारी सकाळी, शी-शू झाल्यावर, जेवणापूर्वी. प्रत्येक वेळी तीच वेळ पाळली नाही तर अर्ध्या किलोचा फरक सहज दिसतो आणि माणूस उगाच हुरळतो.

आता केळीविषयी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिच्याविषयी उणे ऐकून घेण्याची आम्हांला सवय नाही, तरीही लिहितो. माल भरताना गळालेली पिकलेली केळी शेरूला रोज चार-पाच मिळत. तो आवडीने खाई आणि दोन महिन्यांत गोल दिसू लागला. पण १०० ग्रॅम केळीत सुमारे ९० कॅलरी असतात आणि प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. शेरूचे पोट वाढले, पुठ्ठे, म्हणजे मागच्या पायांवरचा मांसल भाग, मात्र बसलेलेच राहिले. आता अर्धे केळे, तेही गोळी लपवण्यासाठी.

आमच्या गड्याने प्रेमाने शिजवलेल्या कोंबडीची हाडे घातली होती. शिजलेले हाड तुकडे होऊन टोचते, म्हणून ते बंद केले. मांस-भातावर ठेवलेल्या कुत्र्याला कॅल्शियम कमी पडते, तेव्हा डॉक्टरांना विचारून अंड्याच्या टरफलांची बारीक पूड मोजून घालतो. आपल्या काळ्या मसाल्याची भाजी, मग ती शेवेची असो वा वांग्याची, कुत्र्याला मुळीच देऊ नये. तिच्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आधीच रक्त कमी असलेल्या जनावराला ते परवडणारे नाही.

धुळ्याहून, फिजिओथेरपिस्ट

मी माणसांवर उपचार करते, त्यामुळे रावेरच्या दादांनी लिहिलेले ‘बसलेले पुठ्ठे’ हे शब्द मला नेमके वाटले. कुत्र्याची देहस्थिती १ ते ९ अशा अंकांनी मोजतात. १ म्हणजे सापळा, आणि ४ ते ५ म्हणजे बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांत भरत नाहीत. हे माप चरबीचे आहे. स्नायू वेगळे पाहावे लागतात: कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या फऱ्यावर, कंबरेवर आणि कानशिलापाशी. आमच्या बिजलीचा अंक तीन महिन्यांत २ वरून ५ झाला, परंतु कानशिलांचे खळगे तसेच होते आणि ती पायरी चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलत असे. सश्यासारखी ती उडी पाहून घरातल्यांना गंमत वाटे. मला तिच्या मांड्यांत जोर नसल्याचे त्यात दिसत होते.

प्रथिनांशिवाय स्नायू होत नाहीत आणि हालचालीशिवाय प्रथिने स्नायूंकडे वळत नाहीत. डॉक्टरांनी सांधे तपासून संमती दिल्यावर आम्ही दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटांच्या संथ चालीने सुरुवात केली. संथ हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्रे पळू लागले की बलवान पायांवर भार टाकून दुबळा पाय वाचवते, हळू चालताना त्याला चारही पाय टेकावे लागतात. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवली. त्यानंतर घरात गोणपाट अंथरून बसणे-उठणे: पाच वेळा, तुकड्याच्या आमिषाने, दोन्ही मांड्या सरळ दुमडलेल्या राहतील असे पाहून. गुळगुळीत फरशीवर हे करू नये, पाय फाकतात. सहाव्या आठवड्यापासून बांबूच्या चार काठ्या जमिनीपासून चार बोटे उंच ठेवून तिला त्यांवरून चालवले, आणि पांझरेच्या कोरड्या पात्रात पहाटेच्या थंड वाळूत फिरवू लागलो. वाळूत पाय रुततो, तो उपसण्यासाठी संपूर्ण पुठ्ठा कामाला लागतो.

माझी चूक अशी की सातव्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी तिला लळिंगच्या चढावर नेले. दुसऱ्या दिवशी ती उठेना. पाच दिवस विश्रांती द्यावी लागली आणि मी माझ्या रुग्णांना जे रोज बजावते तेच विसरल्याबद्दल आईने मला यथेच्छ ऐकवले. शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर मोजत होते: आरंभी २५ सेंटिमीटर, अकराव्या आठवड्यात २८. त्या आठवड्यात ती जिन्याच्या तीन पायऱ्या एकेक पाय टाकत चढली.

शहाद्याहून, विद्यार्थी

माझा प्रश्न आहे. वसतिगृहामागे राहणाऱ्या कुत्रीची पिल्ले अलीकडेच दूध सुटून गेली आहेत आणि ती फार खंगली आहे. तिला तूप द्यावे असे आमचे खानावळवाले काका म्हणतात. द्यावे काय? आमच्याकडे महिन्याला फार तर पाचशे रुपये जमतात.

जळगावहून, धागाकर्ता

दादा, तुपाने कॅलरी वाढतात हे खरे, परंतु एकदम अधिक स्निग्ध पदार्थ दिल्यास जुलाब होतात आणि कधी स्वादुपिंडाला सूज येते. ती खात-पीत असेल आणि केवळ पिल्लांमुळे उतरली असेल तर पहिला खर्च जंताच्या औषधावर करावा, तेही तिचे वजन सांगून, आणि उरलेला अंड्यांवर. जिल्ह्यातील शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. तिला हाताळणाऱ्या मुलांनी रेबीजच्या लशीविषयीही डॉक्टरांना विचारावे. चावा घेतल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चांदणीचे राहिले होते. आठ दिवसांनंतर आम्ही अन्न हळूहळू वाढवत तिच्या अपेक्षित वजनाच्या हिशेबापर्यंत नेले. चार वेळा जेवण, उकडलेले चिकन, अंडे, थोडा भात, लाल भोपळा. पहिल्या महिन्यात १ किलो ३०० ग्रॅम वाढले, दुसऱ्यात तितकेच, तिसऱ्यापासून कमी. काल ती १३ किलो ४०० ग्रॅम भरली. धुळ्याच्या ताईंचे वाचून रात्री तिचे कानशील चाचपले, खळगा आहे. उद्या गोणपाट आणतो.